राखेचं गोत्र

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात इथिओपियातल्या हायली गुब्बी नावाच्या ज्वालामुखीने अचानक डोकं वर काढलं. ज्याचं नावही आपल्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं, त्या डोंगराची राख लाल समुद्र ओलांडून येमेन, ओमानवरून अरबी समुद्रावर आली आणि पाहता पाहता दिल्लीच्या आकाशात पोचली. आखात आणि भारत यांमधली काही विमानं रद्द झाली, काहींना वाट वाकडी करावी लागली. इथे अल नहदात घरोघरी फोन घणघणत होते. कुणाच्या सासूबाई यायच्या होत्या, कुणी लग्नाला निघालं होतं. विमानाच्या इंजिनात राख गेली की ती वितळते, काच होऊन आतल्या भागांवर चिकटते आणि इंजिन बंद पडू शकतं, एवढं शास्त्र त्या दोन दिवसांत आमच्या इमारतीतल्या पोराटोरांनाही पाठ झालं.

राख म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चुलीतली राख येते. ज्वालामुखीची राख ही तसली नव्हे. ती कशाच्या जळण्यातून झालेली नसते. ती असते काच. जमिनीखालचा शिलारस वर येताना त्यातले वायू फसफसतात, सोड्याची बाटली हलवून उघडावी तसे, आणि त्या फेसाचे बुडबुडे फुटून गोठलेले तुकडे आकाशात उडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण फुटलेल्या बल्बच्या तुकड्यांसारखे वाकडे, धारदार दिसतात. या काचेत त्या शिलारसाची सगळी रासायनिक जन्मपत्रिका कोंडलेली असते. ती पत्रिका वाचण्यात आयुष्य घालवणारे शास्त्रज्ञ जगात आहेत. आणि त्यांच्यातला एक गाजलेला, अनेक वर्षं चाललेला वाद आपल्या पुणे जिल्ह्यातल्या एका नदीकाठावरून झाला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्ही स्वतः अभियंता, दगडाशी आमचा संबंध पायाच्या खड्ड्यापुरता. पण हे प्रकरण वाचायला घेतलं आणि हातातून सोडवेना.

अष्टविनायकाची यात्रा आपण बहुतेकांनी केली आहे. ओझर आणि लेण्याद्री ही दोन ठिकाणं कुकडी नदीच्या खोऱ्यातली. त्याच कुकडीच्या काठी जुन्नर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. खोडदच्या त्या प्रसिद्ध रेडिओ दुर्बिणी याच मुलखातल्या. बोरीजवळ नदीने कापलेल्या काठात, पिवळट-तपकिरी गाळाच्या मध्येच, एक पांढुरका, पिठासारखा मऊ थर उघडा पडलेला आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधल्या मंडळींच्या लक्षात आलं की ही ज्वालामुखीची राख आहे.

आता यात नवल काय, असं वाटेल. सह्याद्री सगळा लाव्हाचाच तर बनला आहे! पण तिथेच खरी गंमत आहे. आपला काळा कातळ म्हणजे बसाल्ट. त्यात सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. बोरीच्या राखेतल्या काचेत सिलिका जवळजवळ ७७ टक्के. म्हणजे काळ्या ज्वारीच्या शेतात बासमतीचा दाणा सापडावा तसं. हे बियाणं इथलं नव्हेच. रसायनशास्त्राने पहिल्याच परीक्षेत सांगून टाकलं की ही राख परगावची, आणि तिच्या गोत्राचा पत्ता लागला तो थेट इंडोनेशियात. सुमात्रा बेटावर तोबा नावाचं सुमारे शंभर किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद सरोवर आहे. पर्यटक तिथे बोटीतून फिरतात. ते सरोवर म्हणजे एका महाप्रचंड ज्वालामुखीचं खचलेलं तोंड. बोरीपासून ते तीन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे. हायली गुब्बीची राख दिल्लीला आली तेव्हा विमानं थांबली. तोबाची आली तेव्हा आपल्या नदीकाठी वीतभर थर साचले. आकाशातून सरळ पडलेली राख काही सेंटिमीटरच असते, पण पावसाने ती डोंगरउतारांवरून धुऊन नदीत आणून टाकली म्हणून थर जाड झाले.

इथवर सगळं सरळ होतं. भांडण सुरू झालं ते पुढच्या प्रश्नावर. तोबा एकदाच फुटला नाही. सुमारे आठ लाख वर्षांपूर्वी, मग पाच लाखांच्या आसपास, आणि शेवटी सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी, असे त्याचे मोठे उद्रेक झाले. शेवटचा सगळ्यांत भयंकर, गेल्या वीस लाख वर्षांतला पृथ्वीवरचा बहुधा सर्वांत मोठा. मग बोरीची राख यांपैकी कुठली?

हा प्रश्न नुसता राखेचा असता तर तो भूशास्त्रज्ञांच्या परिषदेत मिटला असता. पण बोरीला राखेच्या सोबतीने, तिथल्याच नदीच्या गोट्यांच्या थरात, माणसाने घडवलेली दगडी हत्यारं मिळाली. दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेली, मूठभर, बदामाच्या आकाराची हातकुऱ्हाड. पुरातत्त्वात या घडणीला अश्युलियन म्हणतात. हसमुख सांकलियांनी आणि त्यांच्या शिष्यांनी नेवासा, प्रवरा, मुळा-मुठा इथून अशी हत्यारं ढिगाने गोळा केली होती. नव्हतं ते एकच: घड्याळ. हत्यारं किती जुनी, हे सांगायला काहीच साधन नव्हतं. आणि इथे एकदम आकाशातून पडलेलं घड्याळ, हत्यारांच्या शेजारीच! त्याची वेळ बरोबर लागली, की महाराष्ट्रात माणूस कधीपासून राहतो याचं उत्तर मिळणार. ७५ हजार म्हणाल तर एक इतिहास, आठ लाख म्हणाल तर दुसराच.

डेक्कन कॉलेजमधले शरद राजगुरू हे दख्खनच्या नद्यांचा गाळ पानोपान वाचणारे भूपुरातत्त्वज्ञ. ते आणि त्यांच्यासोबत रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा आणि इतर मंडळींनी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेकडून राखेचं वय काढून घेतलं. १९८९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं तेव्हा आकडा होता सुमारे १४ लाख वर्षं. खळबळच उडाली! त्यानंतर १९९३ साली साडेपाच लाखांच्या आसपासचा आकडा आला. १९९५ साली मिश्रा आणि सहकाऱ्यांनी सुधारित पद्धतीने ६ लाख ७० हजार हा आकडा मांडला. दरम्यान भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या आचार्य आणि बसू यांनी १९९३ सालीच म्हटलं होतं की भारतभरची ही राख एकच, ७५ हजारवाली. एका थराला चार वयं! लग्नाच्या बोलणीत वधूचं वय असं चारदा बदललं असतं तर स्थळ केव्हाच मोडलं असतं.

आकडे इतके का फिरावेत? ही पद्धत पोटॅशियमच्या किरणोत्सारावर चालते. पोटॅशियमचा एक अत्यंत विरळा प्रकार हळूहळू आरगॉन वायूत बदलतो, तो आरगॉन मोजायचा. अडचण अशी की नदीने वाहून आणलेल्या राखेत इतर माती मिसळते, आणि आपल्याकडची माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या बसाल्टचा चुरा. आम्ही सहज कागदावर हिशोब मांडून पाहिला. दोन्हींत पोटॅशियम सारखंच धरलं, तर ७५ हजार वर्षांच्या राखेत अशा जुन्या चुऱ्याचा नुसता एक टक्का भेसळ झाला तरी वय सात लाखांवर जातं. प्रत्यक्षात बसाल्टमध्ये पोटॅशियम बरंच कमी असल्यामुळे दहा टक्क्यांच्या आसपास भेसळ लागेल. बोरीच्या नमुन्यात तसं झालंच, असं आमचं म्हणणं नाही. राख निवडून स्वच्छ करण्याची काळजी त्या मंडळींनीही घेतली होती. पण तराजू किती नाजूक आहे ते यावरून कळतं.

इथे या कथेत टोरांटो विद्यापीठातले जॉन वेस्टगेट येतात. या गृहस्थांच्या कारकिर्दीचा मोठा भाग अलास्का आणि युकॉनच्या गोठलेल्या जमिनीत गेला. तिथे सोन्याच्या शोधात खणलेल्या कड्यांमध्ये राखेचे पातळ पातळ थर दिसतात, आणि त्यांतला कुठला कुठल्या ज्वालामुखीचा, हे ओळखणं हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी दोन हत्यारं परजली. पहिलं, रसायनाचा ठसा. इलेक्ट्रॉनचा अतिशय बारीक झोत एकेका काचकणावर टाकून त्यातलं सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम मोजायचं. मूठभर राख एकदम विरघळवून सरासरी काढायची नाही, कण वेगळा घ्यायचा. गर्दीत उपरा कोण ते अशाने लगेच कळतं.

दुसरं हत्यार आम्हाला जास्त आवडलं, कारण त्यात कारागिराचा धीर लागतो. काचेत दहा लाखांत काही भाग युरेनियम असतं. त्याचा एखादा अणू आपोआप दुभंगतो आणि काचेत सूक्ष्म ओरखडा उमटतो. काच आम्लात धुतली की ते ओरखडे रुंद होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जितकं वय जास्त तितके ओरखडे जास्त. मात्र काच लबाड असते. साध्या हवामानातसुद्धा हजारो वर्षांत जुने ओरखडे हळूहळू भरून येतात, आणि वय कमी भासतं. वेस्टगेट यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यावर तोड काढली. जुनी काच आणि अणुभट्टीत मुद्दाम नवे ओरखडे उमटवलेली काच, दोन्ही १५० अंश सेल्सिअसवर तीस दिवस तापवायची. दोघींचे ओरखडे सारखेच भरून आले की तुलना न्याय्य होते. तीस दिवस! आमच्या साइटवर काँक्रीटचे घन अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून मग फोडतात, त्याची आठवण झाली. त्यात ७५ हजार वर्षांची काच म्हणजे ओरखडे इतके विरळ, की एका नमुन्यासाठी तासन् तास डोळे लावून बसायचं आणि हाती मोजके ओरखडे यायचे.

१९९८ साली वेस्टगेट आणि सहकाऱ्यांचा निबंध 'क्वाटर्नरी रिसर्च'मध्ये आला. भारतभरचे राखेचे नमुने, सुमात्रातले, मलेशियातले, आणि हिंदी महासागराच्या तळातून काढलेल्या एका गाभ्यातले नमुने त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासले. महासागराचा गाभा महत्त्वाचा, कारण त्यात तोबाच्या जुन्या उद्रेकांची राखही ओळीने साठलेली आहे. पश्चिम भारतातल्या दोन नमुन्यांचं वय ओरखड्यांवरून काढलं. निष्कर्ष निःसंदिग्ध होता: द्वीपकल्पात आजवर सापडलेली तोबाची सगळी राख ७५ हजार वर्षांपूर्वीची, आणि अश्युलियन हत्यारांना जुनं ठरवण्यासाठी यापुढे तिचा आधार घेता येणार नाही.

या निबंधाच्या लेखकांमध्ये एक नाव रवी कोरीसेट्टर यांचं आहे. १९८९ च्या १४ लाख वर्षांच्या निबंधावर पहिलं नाव होतं तेच. नऊ वर्षांपूर्वी आपल्या नावाने गाजलेला आकडा खोडणाऱ्या कागदावर त्याच माणसाची सही! आम्ही ही दोन नावं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. आमच्या धंद्यात एकदा मंजूर झालेलं ड्रॉइंग चुकलं असं म्हणणारा माणूस आम्हाला क्वचित भेटला आहे, आणि भेटला तेव्हा बहुधा ठेका दुसऱ्याचा होता.

दुसरी बाजू गप्प बसली नाही, आणि तिचं म्हणणं आम्हाला टाकाऊ वाटत नाही. शीला मिश्रा, सुषमा देव आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी म्हणत राहिले की कण बघता, मग कडाही बघा. कऱ्हा नदीकाठचं मोरगाव, आपल्या मयूरेश्वराचं, तिथेही राख आणि हत्यारं आहेत. तिथल्या गाळात चुंबकाची दिशा उलटी गोठलेली आढळली. पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं पालटलं ते सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे गाळ त्याआधीचा. २०११ साली त्यांनी असा निबंधच लिहिला की बोरी आणि मोरगावची राख तोबाच्या आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे.

उत्तर २०१४ साली आलं. वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठाचे निकोलस पिअर्स, वेस्टगेट, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले पट्टन आणि इतर मंडळींनी या वेळी लेझरने एकेक काचकण जाळून त्यातली अगदी किरकोळ प्रमाणातली मूलद्रव्यं मोजली: बेरियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम आणि असली. तोबाच्या जुन्या आणि नव्या राखेत मुख्य घटक जवळजवळ सारखेच असतात, भाऊबंदच ते. पण बेरियम आणि इट्रियमच्या प्रमाणात ते वेगळे पडतात. नव्या राखेत काचकणांचे ठराविक गट दिसतात आणि तीच खूण भारतातल्या सगळ्या नमुन्यांत मिळाली. चेहरा सारखा असला तरी अंगठ्याचा ठसा सारखा नसतो.

आमचं मत विचाराल, तर राखेपुरता निकाल रसायनाच्या बाजूने लागला आहे. चुंबकाची दिशा गाळाचं वय सांगते, काचेचं नाही, आणि नदी आपल्या जुन्या गाळात नवी राख कशी कोंबेल याचा नेम नसतो. पण म्हणून हत्यारंही ७५ हजार वर्षांची ठरत नाहीत. मूळ घोळ इथेच आहे. राख हत्यारांच्या शेजारी आहे याचा अर्थ ती त्यांच्यासोबत जन्मली असा नव्हे. अल नहदाच्या जुन्या बाजारात कालचं वर्तमानपत्र आणि आजोबांचं घड्याळ एकाच टेबलावर मिळतं. तमिळनाडूत चेन्नईजवळ अत्तिरमपक्कम इथली अश्युलियन हत्यारं २०११ साली वेगळ्याच पद्धतींनी तपासली गेली आणि त्यांचं वय १५ लाख वर्षांच्या आसपास निघालं. म्हणजे कुकडीकाठचा कुऱ्हाड घडवणारा माणूस अतिप्राचीन असण्याला राखेचा आडकाठा नाही. त्याचं घड्याळ अजून सापडायचं आहे, एवढंच.

आणि ७५ हजार वर्षांपूर्वीची ती राख पडली तेव्हा खाली कोण होतं? एके काळी असं मानलं जाई की तोबाच्या हिवाळ्याने मानवजात जवळजवळ संपलीच. आंध्रातल्या तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यात ज्वालापुरम इथे, कोरीसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांच्या चमूला राखेच्या खालीही हत्यारं मिळाली आणि वरही, बऱ्याच अंशी त्याच वळणाची. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे माणसं टिकली.

या प्रवासाचं एक स्टेशन आपल्या दाराशी आहे, हे आवर्जून सांगितलं पाहिजे. अल नहदातून तासाभराच्या वाटेवर शारजातलं म्लेहा, आणि तिथला जबल फाया. त्या डोंगराच्या आडोशाला सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाल्याचं २०११ साली जाहीर झालं, आणि २०२५ साली त्या परिसराला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथे वय काढलं ते वाळूवरून: कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजून. सुट्टीच्या दिवशी वाळवंटात गाड्या उडवायला जाताना आपण त्याच्या जवळूनच जातो.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने बारावीनंतर भूशास्त्र घ्यायचं म्हटलं, तेव्हा तिच्या वडिलांनी आमच्याकडे धाव घेतली. "साहेब, तुम्ही परदेशात एम.एस. केलंय, जरा समजावा तिला. दगडं बघून पोट भरतं का?" आम्ही त्यांना एवढंच विचारलं की आपण सगळे ज्या तेलाच्या देशात पोटासाठी आलो, ते तेल जमिनीत कुठे आहे हे कुणी सांगितलं? ते हसले, पण पटलं नव्हतं. वहिनी मात्र ऐकत होत्या. "काका, पण मला तेल नकोय, मला तुमची ती राख हवीय," असं मुलगी म्हणाली, आणि आमची पंचाईत झाली. कारण राखेत खरोखरच पैसा नाही. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये भूशास्त्र शिकता येतं, विद्यापीठात पुढचं शिक्षण होतं, गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे. पुढे टोरांटो किंवा ॲबरिस्टविथ. नोकरी उशिरा, घर त्याहून उशिरा, आणि तीस दिवस भट्टी तापवून मिळालेला आकडा दहा वर्षांनी कुणी खोडेल तो वेगळाच. हे सगळं आम्ही तिला काहीही न लपवता सांगितलं. तिने वहीत ॲबरिस्टविथचं स्पेलिंग तेवढं विचारून घेतलं.

सुट्टीत अष्टविनायकाला जाणारी मंडळी ओझरहून बोरी बुद्रुकला वळू शकतात, फार आडवळण नाही. उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलेलं असताना काठ नीट दिसतो. पावसाळ्यात जाऊ नये, कडे निसरडे असतात. पांढरा थर कुठे आहे ते गावात विचारलं तर कुणी ना कुणी दाखवेल. चिमूटभर राख बोटावर घेऊन चोळून पाहावी, बारीक खरखर लागते ती काचेची. मात्र डोळ्यांजवळ नेऊ नये, आणि पिशव्या भरून घरी तर मुळीच आणू नये. ती दरवर्षी पुराने थोडी थोडी झिजते आहे, आणि नवी यायला तोबा पुन्हा फुटावा लागेल.